सातवं सेशन

वास्कोत खिडकी उघडी राहिली
की दुपारपर्यंत टेबलावर कोळशाची पूड बसते.
दयेश काणकोणकर यायच्या आधी मी ती पुसते.
तरी तो बसल्यावर कोपर उचलून बघतोच,
सवयीने. बंदरातला पायलट.

कंपनीने पाठवलाय. बारा सेशन्स, निम्मे पैसे आगाऊ.
फॉर्मवर लिहिलंय : मीटिंगमध्ये आवाज निघत नाही.
पाऊण लाख टनांचं जहाज
जो अलगद धक्क्याला टेकवतो,
तो दहा माणसांच्या टेबलावर बुडतो.

मी कोच आहे, डॉक्टर नाही.
हे वाक्य करारात तिसऱ्या पानावर आहे,
मी ते भराभर वाचून दाखवते,
विमानात पट्ट्याबद्दल सांगतात तसं.

थेरपीतली हत्यारं मी दोना पावलाच्या हॉटेलात शिकले,
शनिवार-रविवार, जेवणासकट.
वहीत तीन रकाने : काय घडलं, मनात काय आलं,
पुरावा काय.
दयेश पुरावा फार नेटका लिहायचा.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.
साहेबांच्या मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती.
तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःच्याच अक्षराला हसला.
पाचव्यात मीटिंगमध्ये म्हणाला, थांबा, माझं संपलं नाही,
आणि कुणी मेलं नाही.
रिपोर्टमध्ये मी हे जरा सभ्य भाषेत घातलं.

सातव्याला मी विचारत गेले, आणि तसं झालं तर?
लोक म्हणतील, चुकला.
आणि तसं झालं तर?
काढून टाकतील.
आणि तसं झालं तर?
खोली मोजायला शिसं बांधून दोर सोडावा
तसा मी प्रश्न सोडत होते,
आणि दोर एकाएकी हातातून पळायला लागला.

समोरची रिकामी खुर्ची मी साहेबासाठी ठेवली होती.
तिच्याकडे बघत तो म्हणाला,
'भाई, तूं उदकांत देंवलो तेन्ना
हांवें उलो मारपाक जाय आशिल्लो.'
हाक मारायला हवी होती.
बायण्याचा किनारा, सव्वीस वर्षांपूर्वीची दुपार.

खरं सांगते, मला आवडलं.
हात लागला होता कशाला तरी.
पुढचा प्रश्न जिभेवर तयार होता :
भाऊ आता काय म्हणतोय?
कोर्समधल्या बाईने ह्याच जागी
जेवणाआधीच्या पंचवीस मिनिटांत
एका बँक मॅनेजरला रडवून टाळ्या घेतल्या होत्या.
त्या टाळ्यांत माझ्याही होत्या.

उठले. खुर्ची भिंतीला लावली.
म्हटलं, पाय जमिनीवर टेकव, खिडकीबाहेर बघ.
क्रेन किती? चार.
बार्ज? दोन. तिसरी वळतेय.
श्वास परत आला, आधी अर्धाच.

सांगितलं, इथून पुढचं मला येत नाही.
मडगावात डॉक्टर साल्दान्य आहेत.
त्यांना येतं.
'म्हणजे मी बिघडलोय?'
नाही म्हणायला मला एक क्षण उशीर झाला,
आणि तो त्याला दिसला.

बऱ्याच वेळाने म्हणाला,
'आम्हीही बोयापर्यंतच नेतो, मॅडम.
मग दोराच्या शिडीने खाली.
पण उतरायच्या आधी बघतो,
कॅप्टन ब्रिजवर आहे ना.'

मी नंबर लिहिलेला कागद त्याच्या हातातून परत घेतला
आणि त्याच्यासमोरच फोन लावला.
गुरुवार, साडेचार.
घरी कोण आहे विचारलं. बायको, सुलक्षा.
आज तिला सांगशील?
बघतो, म्हणाला. सांगतो, म्हणाला.

संध्याकाळी कंपनीचा फॉर्म भरायला बसले.
सेशन सात. विषय : संवाद.
प्रगती, एक ते दहा.
त्या चौकटीवर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता,
मी तो खोडरबराने पसरवून आणखी मोठा केला.

पुढच्या मंगळवारी तो दहा मिनिटं उशिरा आला.
मडगावबद्दल बोलला नाही, मीही विचारलं नाही.
भिंतीपासून खुर्ची त्यानेच ओढली,
तिच्यावर आपलं हेल्मेट ठेवलं, जरा वाकडं,
आणि म्हणाला,
'आज साहेबालाच बसवूया.'